ॲरिझोना की न्यू मेक्सिको? इतिहास आणि निसर्ग पाहायला निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एकमेकांना लागून असलेली ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्ये नकाशावर जुळ्या भावंडांसारखी दिसतात. दोन्हींचा विस्तार साधारण महाराष्ट्राएवढा आहे. ॲरिझोना सुमारे 2 लाख 95 हजार चौरस किलोमीटर म्हणजे किंचित कमी, तर न्यू मेक्सिको सुमारे 3 लाख 15 हजार चौरस किलोमीटर म्हणजे किंचित जास्त. लोकसंख्या मात्र 2020 च्या जनगणनेनुसार अनुक्रमे सुमारे 71 लाख आणि 21 लाख इतकीच आहे. दोन्ही राज्ये रखरखीत आहेत, दोन्हींवर आधी स्पेनचा आणि मग मेक्सिकोचा अंमल होता, आणि 1912 साली जानेवारी व फेब्रुवारीत, सहा आठवड्यांच्या आत, आधी न्यू मेक्सिको अमेरिकेचे सत्तेचाळिसावे आणि मग ॲरिझोना अठ्ठेचाळिसावे राज्य झाले. त्यामुळे आठ-दहा दिवसांची रजा हाताशी असलेल्या प्रवाशाला, किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन कोठे जावे याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला, यांपैकी कोणतेही एक निवडले तरी चालेल असे वाटू शकते.

प्रत्यक्षात ही निवड बरीच महत्त्वाची ठरते. ॲरिझोनाचे वैभव मुख्यतः भूगर्भाने घडवलेले आहे आणि न्यू मेक्सिकोचे वैभव मुख्यतः माणसांच्या सलग वस्तीने. या विधानाला दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच. पण दहा दिवसांत दोन्ही राज्ये उरकण्याचा बेत आखणाऱ्यांचे बहुतेक दिवस गाडीच्या काचेतून बाहेर पाहण्यात जातात, म्हणून हा फरक आधी नीट समजून घेणे फायद्याचे आहे.

एकाच मुलखाची दोन राज्ये कशी झाली

युरोपीय लोक येण्यापूर्वी येथे अर्थातच कोणतीही सीमारेषा नव्हती. आजच्या न्यू मेक्सिकोच्या वायव्येस असलेल्या चाको कॅन्यनमध्ये इसवी सन 850 ते 1150 या काळात बहुमजली दगडी वास्तू उभ्या राहिल्या, तर दक्षिण ॲरिझोनात होहोकाम लोकांनी शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे खोदून नद्यांचे पाणी शेतांत आणले. आजचे फिनिक्स शहर 1860 च्या दशकाच्या अखेरीस याच बुजलेल्या कालव्यांच्या मार्गावर पुन्हा पाणी सोडून वसवले गेले.

1540 साली कोरोनादोची स्पॅनिश मोहीम सोन्याच्या सात शहरांच्या शोधात या मुलखात आली. तिच्यातील गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभा राहिलेला पहिला युरोपीय होय. खालच्या नदीपर्यंत उतरण्याची वाट त्याच्या माणसांना सापडली नाही आणि सोनेही कोठे दिसले नाही, त्यामुळे स्पॅनिशांनी त्या भागाकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात मात्र मका पिकवणारी, धान्य साठवणारी, मातीच्या घरांची स्थिर गावे होती. वसाहत करणाऱ्याला धान्य आणि वेठीला माणसे लागतात, आणि ती तेथेच मिळण्याजोगी होती. या गावांना स्पॅनिशांनी ‘प्वेब्लो’ म्हटले, आणि 1598 मध्ये हुआन दे ओन्याते तेथे वसाहत घेऊन आला. पुढच्याच वर्षी ॲकोमा या गावाने केलेल्या प्रतिकाराची शिक्षा म्हणून त्याने गाव उद्ध्वस्त केले आणि पकडलेल्या प्रौढ पुरुषांचा एक पाय तोडण्याचा हुकूम दिला. ही आठवण अजून ओली आहे. ओन्यातेच्या आगमनाला चारशे वर्षे होत असताना उत्तर न्यू मेक्सिकोतील त्याच्या अश्वारूढ पुतळ्याचा उजवा पाय कोणीतरी रातोरात कापून नेला होता.

सांता फे हे शहर 1610 मध्ये राजधानी म्हणून वसले. त्या काळात, 1580 ते 1640 पर्यंत, स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे सांता फे वसवले जात असताना तेथे आणि गोव्यात एकाच तिसऱ्या फिलिपच्या नावाने कारभार चालत होता. गोव्यातील चर्चे, धर्मांतरे आणि स्थानिक देवस्थानांचा विध्वंस यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना न्यू मेक्सिकोतील पुढच्या सत्तर वर्षांची कथा अनोळखी वाटणार नाही. शेवट मात्र निराळा झाला. ऑगस्ट 1680 मध्ये पोपे नावाच्या धर्मपुरुषाच्या पुढाकाराने प्वेब्लो गावांनी एकाच वेळी उठाव केला. गावोगाव धावपटूंमार्फत गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवण्यात आल्या होत्या आणि रोज एक गाठ सोडत गेल्यावर उठावाचा दिवस उजाडणार होता. सुमारे चारशे स्पॅनिश मारले गेले, उरलेले दक्षिणेस एल पासोपर्यंत पळाले, आणि 1692 मध्ये दिएगो दे वार्गास परत येईपर्यंत बारा वर्षे हा प्रदेश स्वतंत्र राहिला. परतल्यावरही स्पॅनिशांना आधीच्या इतकी सक्ती करता आली नाही. न्यू मेक्सिकोत आज 19 प्वेब्लो समाज आपल्या भाषा, विधी आणि जमिनी राखून आहेत, त्यामागे या उठावाचा मोठा वाटा आहे.

ॲरिझोनाच्या वाट्याला स्पॅनिश काळ तुटक आला. 1692 मध्येच किनो या येशूसंघीय पाद्रीने दक्षिणेत सान हावियेर येथे मिशनचा पाया घातला आणि 1775 मध्ये टूसॉन येथे लष्करी ठाणे झाले. पण अपाचे या आदिवासी टोळ्यांच्या दहशतीमुळे त्याच्या उत्तरेला वसाहत अशी सरकलीच नाही. पुढे 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, 1846 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने सांता फे घेतले, आणि मेक्सिकोबरोबरच्या 1848 च्या तहाने व 1854 मध्ये पूर्ण झालेल्या एक कोटी डॉलरच्या जमीनखरेदीने आजच्या सीमा ठरल्या. 1863 पर्यंत ॲरिझोना हा न्यू मेक्सिको प्रदेशाचाच भाग होता. 1906 मध्ये दोघांचे मिळून एकच राज्य करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा न्यू मेक्सिकोने होकार दिला आणि ॲरिझोनाने तो फेटाळला. खाणमालक, गुरेपालक आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी यांच्या ॲरिझोनाला स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक बहुसंख्येच्या राज्यात विलीन व्हायचे नव्हते. आजही सांता फेहून फिनिक्सला गेल्यावर जो फरक जाणवतो त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

ॲरिझोना: दरी आणि दरीच्या आसपास

ग्रँड कॅन्यनला पर्याय नाही. 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल असलेली ही दरी कोलोरॅडो नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, आणि तिच्या तळाशी उघडे पडलेले खडक सुमारे 170 ते 180 कोटी वर्षे जुने आहेत. दरीतून वर आलेल्या शिखरांना भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांच्या काळापासून पौर्वात्य दैवतांची नावे देण्याचा प्रघात पडला, त्यामुळे मार्गदर्शकाच्या नकाशात ब्रह्मा, विष्णू, शिव आणि कृष्ण अशी नावे दिसली तर दचकू नये. तळाच्या प्राचीन खडकालासुद्धा विष्णूचेच नाव आहे. छायाचित्रांत हे ठिकाण अनेकदा पाहिलेले असते, तरी कड्यावर उभे राहिल्यावर डोळ्यांना अंतराचा अंदाज लागत नाही. सकाळी आणि सूर्यास्ताला एकाच जागेवरून पाहिल्यास दोन वेगळ्या दऱ्या पाहिल्यासारखे वाटते, म्हणून एक रात्र तेथेच राहणे योग्य.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. लास वेगासहून निघणाऱ्या पुष्कळ बससहली ‘ग्रँड कॅन्यन वेस्ट’ला नेतात. दरीवर पुढे काढलेला प्रसिद्ध काचेचा सज्जा तेथेच आहे. पण ती जागा हुआलापाय या आदिवासी समाजाच्या मालकीची असून राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही. तिकीट वेगळे लागते, उद्यानाचा पास तेथे चालत नाही, आणि दिसणारी दरीही दक्षिण कड्याइतकी विस्तीर्ण नाही. ज्यांना खरी दरी पाहायची आहे त्यांनी दक्षिण कडाच गाठावा. तो वर्षभर खुला असतो, पादचारी मार्ग बऱ्याच ठिकाणी सपाट व डांबरी आहे, आणि मोफत बससेवेमुळे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनाही एकेक टप्पा पाहता येतो. उत्तर कडा एरवीही हिवाळ्यात बंद असतो; जुलै 2025 च्या वणव्यात तेथील ऐतिहासिक लॉज जळून गेले, त्यामुळे सध्या त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

ईशान्य ॲरिझोनाचा मोठा भाग नावाहो राष्ट्राचा, म्हणजे नावाहो या आदिवासी समाजाच्या स्वशासित भूमीचा आहे आणि राज्यातील सर्वांत गंभीर इतिहास तेथे भेटतो. मॉन्युमेंट व्हॅलीचे लाल सुळके आणि पेज गावाजवळील अँटेलोप कॅन्यनच्या लहरदार भिंती जगभर ठाऊक आहेत, पण माझी शिफारस कॅन्यन द शे या कमी गजबजलेल्या दरीची राहील. तांबड्या कड्यांच्या पोटात प्राचीन वस्त्यांचे अवशेष आहेत आणि तळाशी नावाहो कुटुंबे आजही मका पिकवतात. 1864 मध्ये अमेरिकन अधिकारी किट कार्सनच्या सैन्याने येथील घरे आणि पीचच्या बागा नष्ट करून नावाहो लोकांना शरण आणले. त्यानंतर आठ हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाचशे किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतील बोस्के रेदोन्दो येथे नेण्यात आले, जेथे उपासमार आणि रोगराईने शेकडो माणसे दगावली. 1868 च्या करारानंतर ते आपल्या मुलखात परतले. अमेरिकन सरकारने हुसकावलेल्या समाजांपैकी स्वतःच्या भूमीत परत येऊ शकलेले समाज थोडे, आणि नावाहो त्यांपैकी एक. दरीच्या तळात उतरण्यासाठी नावाहो मार्गदर्शक घ्यावा लागतो. कड्यावरचे रस्ते मात्र स्वतःच्या गाडीने फिरता येतात.

याच भागात होपी समाजाची गावे आहेत. ओराईबी हे गाव सुमारे नऊशे वर्षे सलग वसलेले असून अमेरिकेतील सर्वांत जुन्या राहत्या वस्त्यांत गणले जाते. तेथे छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि रेखाटनालाही मनाई आहे. ज्यांची सहल भ्रमणध्वनीतील छायाचित्रांवर चालते त्यांनी तिकडे न गेलेले बरे, आणि ज्यांना शांतपणे पाहता येते त्यांनी अवश्य जावे.

फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला असलेला उल्कापाताचा खळगा मराठी वाचकाला लोणारची आठवण करून देईल. तो सुमारे 50 हजार वर्षांपूर्वीचा, 1.2 किलोमीटर व्यासाचा आणि 170 मीटर खोल आहे. लोणारचा व्यास याहून मोठा म्हणजे सुमारे 1.8 किलोमीटर आहे. लोणारला सरोवर, झाडी आणि मंदिरे आहेत, येथे कोरडा वाडगा आहे, पण त्या कोरडेपणामुळेच खळग्याचा आकार स्वच्छ दिसतो आणि अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांना येथे सरावासाठी आणले गेले होते. जागा खासगी आहे आणि प्रवेशशुल्क चांगलेच आहे. फ्लॅगस्टाफमधील लॉवेल वेधशाळेत 1930 मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. शहराने दिव्यांवर निर्बंध घातल्याने तेथून आजही आकाश छान दिसते.

दक्षिण ॲरिझोना घाईत असलेल्यांनी वगळला तरी चालतो, परंतु वगळायचा नसेल तर टूम्बस्टोनपेक्षा बिस्बीला अधिक वेळ द्यावा. टूम्बस्टोन येथे 26 ऑक्टोबर 1881 रोजी झालेली बंदूकबाजी अर्ध्या मिनिटात संपली आणि तिची नाटकी पुनरावृत्ती पर्यटकांसाठी अजून चालू आहे. बिस्बी हे तांब्याच्या खाणीचे डोंगरी गाव आहे. तेथे खाणीत आत नेऊन दाखवतात, आणि जुलै 1917 मध्ये संपावरील सुमारे बाराशे कामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिले गेले, ही हकीकतही कळते. टूसॉनजवळचे सान हावियेरचे पांढरे चर्च 1797 मध्ये पूर्ण झाले आणि तोहोनो ओओधाम समाज ते आजही वापरतो. हात पसरून उभे असलेले सग्वारो निवडुंग याच परिसरातले. त्यांना पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षे लागतात.

न्यू मेक्सिको: राहती गावे आणि एक मोठा स्फोट

न्यू मेक्सिकोत एका दिवसाच्या प्रवासात निरनिराळी शतके भेटतात, आणि ती बहुतांशी वापरात असलेली भेटतात. सांता फेच्या चौकातील गव्हर्नरांचा वाडा 1610 च्या सुमाराचा आहे. तो स्पॅनिश, बंडखोर प्वेब्लो, मेक्सिकन आणि अमेरिकन अशा सर्व सत्तांनी वापरला, आणि त्याच्या ओसरीत आज प्वेब्लो व नावाहो कारागीर चांदीचे, फिरोजाचे दागिने विकायला बसतात. शहराचे मातकट, गोलसर कोपऱ्यांचे रूप मोहक असले तरी ते सगळेच प्राचीन समजू नये. विसाव्या शतकात पर्यटन डोळ्यांसमोर ठेवून ही शैली जाणीवपूर्वक जोपासली गेली आणि 1957 पासून जुन्या भागात ती कायद्यानेच बंधनकारक आहे. अस्सल मातीच्या भिंतींबरोबर मातीच्या रंगाचा गिलावाही भरपूर आहे. तरीही अमेरिकेत पायी फिरावे असे वाटणारी शहरे थोडी आहेत, आणि हे त्यांपैकी एक आहे. कलादालनांची रेलचेल आहे, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांना वाहिलेले संग्रहालय आहे, आणि ऑगस्टमध्ये भरणारा आदिवासी कलांचा बाजार 1922 पासूनच्या परंपरेचा आहे.

खरे जुनेपण पाहायचे तर ॲकोमा आणि ताओसला जावे लागते. ॲकोमा सुमारे 110 मीटर उंच खडकाच्या माथ्यावर वसले आहे. वर वीज किंवा नळाचे पाणी नाही, कायम राहणारी कुटुंबे थोडी आहेत, पण सणांना सगळा समाज वर येतो. सतराव्या शतकातील प्रचंड चर्चसाठी लागलेल्या तुळया दूरच्या डोंगरातून माणसांनी खांद्यावर वाहून आणल्या. भेट केवळ गावकऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली होते, आणि ओन्यातेची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकणे हा पुस्तकापेक्षा वेगळा अनुभव आहे. ताओस येथील मातीची बहुमजली घरे 1992 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दोन्ही गावे विधींसाठी काही काळ बाहेरच्यांना बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. ताओस शहरात नीम करोली बाबांच्या शिष्यांनी स्थापलेले हनुमानाचे मंदिरही आहे, ज्याची अपेक्षा येथे कोणी करत नाही. सांता फे आणि ताओस यांच्या दरम्यानच्या चिमायो येथील छोट्या चर्चकडे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात हजारो भाविक पायी जातात; तेथील पवित्र मानलेली माती चिमूटभर घरी नेण्याची प्रथा आहे.

चाको कॅन्यनबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण तेथे जाण्याचा निर्णय हलक्याने घेण्यासारखा नाही. प्वेब्लो बोनीतो या एकाच वास्तूत सुमारे साडेसहाशे खोल्या होत्या. भिंती तासलेल्या दगडांच्या आहेत, काही रचना सूर्याच्या आणि चंद्राच्या स्थितीशी जुळवलेल्या आहेत, आणि सरळ आखलेले रुंद रस्ते येथून बाहेर पडतात. इतिहासाची खरी ओढ असलेल्याला माझ्या मते दोन्ही राज्यांतील हे सर्वांत मोलाचे स्थळ आहे. परंतु शेवटचे सुमारे वीस किलोमीटर कच्चा रस्ता आहे, पावसानंतर तो चिखलाने बंद होऊ शकतो, आणि आत हॉटेल, उपाहारगृह किंवा पेट्रोलपंप नाही. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासह जाणाऱ्यांनी त्याऐवजी लॉस ॲलामोसजवळील बँडेलिअर पाहावे. तेथे मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेल्या खोल्या, त्यांत चढायच्या लाकडी शिड्या आणि झाडाखालची वाट असे सगळे अर्ध्या दिवसात होते.

लॉस ॲलामोस येथे 1943 मध्ये मुलांची एक निवासी शाळा ताब्यात घेऊन अणुबॉम्बची गुप्त प्रयोगशाळा उभारली गेली, आणि 16 जुलै 1945 रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास दक्षिणेकडील ट्रिनिटी या जागी पहिला चाचणी स्फोट झाला. प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर संस्कृत शिकलेले होते, आणि त्या क्षणी गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शनाचे वचन आठवल्याचे त्यांनी पुढे सांगितले, हे मराठी वाचकाला माहीत असते. कमी माहीत असलेली बाजू अशी की स्फोटाच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या गावांना आधी कोणी सावध केले नव्हते, आणि त्या गावांतील आजारी लोकांना भरपाईच्या कायद्यात स्थान मिळायला 2025 साल उजाडावे लागले. लॉस ॲलामोसचे संग्रहालय चांगले आणि विनाशुल्क आहे, मात्र ते अमेरिकन प्रयत्नांची कहाणी सांगते, जपानी शहरांची कमी. ट्रिनिटीची जागा वर्षातून एखाद-दुसऱ्या ठरावीक दिवशीच लोकांना उघडतात. केवळ तिच्यासाठी सहल आखणे शहाणपणाचे नाही.

निसर्गातही न्यू मेक्सिको कमी नाही, फक्त अंतरे लांब आहेत. दक्षिणेतील व्हाइट सँड्स हे जिप्समच्या वाळूचे जगातील सर्वांत मोठे टेकड्यांचे क्षेत्र, सुमारे 700 चौरस किलोमीटरचे. ही वाळू फारशी तापत नसल्याने टेकड्यांवर अनवाणी चालता येते. तेथे सापडलेल्या मानवी पाऊलखुणा 21 ते 23 हजार वर्षे जुन्या असल्याचे संशोधकांनी मांडले आणि त्यामुळे अमेरिका खंडात माणूस केव्हा आला याविषयीचे जुने हिशेब मागे ढकलावे लागले. शेजारीच क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्र आहे आणि चाचणीच्या वेळी रस्ता काही तास बंद ठेवतात. त्याहून पूर्वेला कार्ल्सबॅडच्या गुहा आहेत. लिफ्टने सुमारे 230 मीटर खाली उतरता येते, आत बारमाही 13 अंशांच्या आसपास तापमान असते, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी लाखो वटवाघळे मुखातून बाहेर पडतात. राज्याच्या मध्य-पश्चिम भागात रेडिओ दुर्बिणींचा 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्यांचा समूह आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत हे ठाऊक असलेल्याला तो थोडा लहान वाटेल, पण उजाड पठारावरचे दृश्य देखणे आहे. रॉझवेल गावाच्या कथित उडत्या तबकड्यांसाठी वळसा घेण्याची गरज नाही.

हवा, खर्च, अंतरे आणि पोटाची सोय

भारतातून आईवडील बहुधा मे ते ऑगस्ट या काळात येतात, आणि नेमका तेव्हाच फिनिक्स व टूसॉनचा उन्हाळा असह्य असतो. जुलै 2023 मध्ये फिनिक्सचे तापमान सलग 31 दिवस 43 अंशांच्या वर गेले होते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे 2,100 मीटर उंचीवर असल्याने तेथे उन्हाळ्यातही बरे असते, पण दरीच्या तळाशी पारा चाळिशी ओलांडतो आणि दरवर्षी उतरून गेलेल्यांना परत चढताना वाचवावे लागते. न्यू मेक्सिकोचा उत्तर भाग उंचावर आहे. सांता फे सुमारे 2,200 मीटरवर असून उन्हाळ्याच्या रात्री गार होतात. रक्तदाब किंवा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. जुलै ते सप्टेंबर दोन्हीकडे पावसाचे दिवस असतात, त्या काळाला स्थानिक लोकही मॉन्सूनच म्हणतात. अँटेलोपसारख्या अरुंद घळींत दूरवरच्या पावसाचा लोंढा अचानक येतो. 1997 मध्ये अशा लोंढ्यात 11 पर्यटक वाहून गेले होते. मार्गदर्शकाने फेरी रद्द केली तर वाद घालू नये.

खर्चाच्या बाबतीत एक नवा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. 2026 पासून ग्रँड कॅन्यनसह गर्दीच्या अकरा राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या 16 किंवा अधिक वर्षांच्या पर्यटकांना नेहमीच्या शुल्काव्यतिरिक्त माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात. त्याला पर्याय म्हणून त्यांच्यासाठी 250 डॉलरचा वार्षिक पास आहे. न्यू मेक्सिकोतील एकही उद्यान या अकरांत नाही. भारतातून आलेले आईवडील आणि सासूसासरे बरोबर असतील तर हा फरक हॉटेलच्या एक-दोन रात्रींइतका होतो. नावाहो आणि प्वेब्लो भूमीवरील शुल्क राष्ट्रीय पासात धरलेले नसते, हेही ध्यानात ठेवावे.

विमानसेवेत ॲरिझोना सरस आहे. फिनिक्सचा विमानतळ मोठा असून तेथून दक्षिण कडा सुमारे 370 किलोमीटर, म्हणजे पावणेचार तासांचा रस्ता आहे. आल्बुकर्कीचा विमानतळ लहान, पण सुटसुटीत. तेथून सांता फे तासाभरावर आणि ताओस आणखी दीड तासावर, आणि सांता फेला रेल्वेही जाते. गाडी चालवण्याची हौस नसलेल्यांना उत्तर न्यू मेक्सिको त्यामुळे सोयीचे पडते. दक्षिणेकडे वळले की ही सोय संपते; कार्ल्सबॅड आल्बुकर्कीहून साडेचार तास लांब आहे.

शाकाहारी मंडळींना फिनिक्सच्या उपनगरांत, विशेषतः चँडलरच्या आसपास, भारतीय उपाहारगृहे आणि किराणा दुकाने सहज मिळतात, कारण तेथे संगणक-चिप उद्योगात पुष्कळ भारतीय काम करतात. फ्लॅगस्टाफच्या पुढे मात्र शिदोरी बरोबर असावी. न्यू मेक्सिकोचे स्वतःचे जेवण मराठी जिभेला अधिक जवळचे आहे: मक्याच्या पोळ्या, घेवडा, भोपळा आणि मिरचीचा मनसोक्त वापर. ‘लाल की हिरवी?’ हा वाढप्याचा प्रश्न राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून विधिमंडळाने मान्य केला आहे. सावधगिरी इतकीच की हिरव्या मिरचीच्या रश्शात डुकराचे मांस आणि घेवड्यात चरबी असू शकते, मागवण्यापूर्वी विचारावे.

कोणी कोठे जावे

अमेरिकेची ही एकमेव भेट असेल आणि ग्रँड कॅन्यन पाहिलेली नसेल, तर फारसा विचार न करता ॲरिझोना निवडावे आणि मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठावा. लाल खडकांच्या सेदोना गावाला एक रात्र, दक्षिण कड्याला दोन, पेजला एक आणि कॅन्यन द शेला एक अशी आखणी निवांत होते. शाळकरी मुले बरोबर असतील तर उल्केचा खळगा आणि अश्मीभूत झालेल्या झाडांचे उद्यान एकाच दिवसात जोडता येते. दरी पूर्वी पाहून झाली असेल, किंवा कड्यावर उभे राहून तासाभरात कंटाळा येतो असा स्वतःचा अनुभव असेल, तर न्यू मेक्सिको निवडावे. सांता फे येथे मुक्काम ठेवून ताओस, चिमायो, बँडेलिअर, लॉस ॲलामोस आणि ॲकोमा पाहता येतात आणि सामान रोज उचलावे लागत नाही. उन्हाळ्यात वृद्धांसह निघणाऱ्यांना मी न्यू मेक्सिकोच सुचवेन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आल्बुकर्कीत गरम हवेच्या शेकडो फुग्यांचा महोत्सव भरतो. 1972 मध्ये 13 फुग्यांनी सुरू झालेला हा मेळा आता इतका मोठा आहे की हॉटेले कित्येक महिने आधी भरतात.

दोन्ही पाहण्याचा आग्रहच असेल तर बारा दिवस तरी हवेत. आल्बुकर्कीत उतरून फिनिक्सहून परतावे आणि आल्बुकर्की ते फ्लॅगस्टाफ हा सुमारे 520 किलोमीटरचा महामार्ग एका दमात न कापता ॲकोमा व कॅन्यन द शे येथे थांबत जावे; भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचा अधिभार आधी तपासावा. या मार्गावर घड्याळाची गुंतागुंत आहे. न्यू मेक्सिको उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करते, ॲरिझोना करत नाही, ॲरिझोनातील नावाहो भूमी करते, आणि तिच्या मधोमध असलेली होपी भूमी पुन्हा करत नाही. मार्गदर्शकाबरोबरची फेरी आरक्षित करताना वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे विचारून लिहून ठेवावे, कारण पेज शहर ॲरिझोनाच्या वेळेवर चालते, तर कॅन्यन द शे नावाहो वेळेवर.